कमी प्राणवायूच्या पिशवीत सफरचंद: नागपूरच्या उन्हाळ्यात हे जमेल काय?

धंतोलीकर (धागाकर्ता)

कळमन्याच्या फळबाजारात आडत करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे पॅकिंगचे साहित्य विकणारा एक प्रतिनिधी प्लास्टिकच्या पिशव्यांचे नमुने घेऊन आला होता. त्याचे म्हणणे असे की, वीस किलोच्या पेटीत ही पिशवी अंथरून सफरचंद भरले आणि तोंड घट्ट बांधले, की आतला प्राणवायू आपोआप कमी होतो आणि कोल्ड स्टोरेजचे भाडे न भरता माल साध्या गोदामात दोन महिने टिकतो. माझी सारी नोकरी अन्नप्रक्रियेत गेली असल्यामुळे स्नेह्यांनी मला विचारले. उत्तर लांबत गेले, म्हणून येथेच लिहितो. त्या प्रतिनिधीच्या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे, उत्तरार्ध खोटा आहे, आणि धोका असा की पूर्वार्ध खरा असल्यामुळे उत्तरार्धावरही विश्वास बसतो.

झाडावरून तोडलेले सफरचंद जिवंतच असते. ते प्राणवायू घेते, आपली साखर आणि आम्ल जाळते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकते. पिकण्याची वेळ आली की ते इथिलीन नावाचा वायू तयार करू लागते, आणि हा वायू पिकण्याची गती आणखी वाढवतो. पेशींमध्ये इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी प्राणवायूवाचून पूर्ण होत नाही, तर कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला की इथिलीनचा परिणाम मंदावतो. म्हणून प्राणवायू कमी करणे हा सफरचंद टिकवण्याचा योग्य मार्ग आहे, यात वाद नाही. फ्रान्समधील माँपेलिए येथे बेरार यांनी १८२१ मध्येच दाखवून दिले होते की प्राणवायूविना फळ पिकत नाही. पुढे केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यातून १९२९ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात पहिले व्यापारी वायुनियंत्रित कोठार उभे राहिले. आज काश्मीरमध्ये लासीपोरा आणि हिमाचलमध्ये रोहडू येथे अशी कोठारे आहेत. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, तो तेथे १ ते ३ टक्क्यांवर आणतात, कार्बन डायऑक्साइडही साधारण तेवढाच ठेवतात, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर राखतात, आणि हे सगळे ० ते ३ अंश तापमानात करतात. ऑक्टोबरमध्ये तोडलेले फळ आपल्याला मे महिन्यात मिळते, ते या चारही गोष्टी एकत्र सांभाळल्यामुळे.

पिशवीची युक्ती वेगळी आहे. येथे यंत्र नसते, फळ स्वतःच श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवते. साध्या एलडीपीई, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनच्या, प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्या तीन ते पाच पट वेगाने बाहेर जातो. फळाची मागणी आणि पिशवीतून होणारा पुरवठा जेथे जुळतो, तेथे आतले वातावरण स्थिरावते. फळाचे वजन, पिशवीची जाडी आणि तिचे क्षेत्रफळ नेमके निवडले, तर ही स्थिरता ३ टक्क्यांच्या आसपास आणता येते.

आता ढोबळ हिशोब पाहावा. हंगामात उशिरा येणारे सफरचंद ० अंशाला किलोमागे तासाला सुमारे ३ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि तेच फळ २० अंशांना सुमारे २० मिलिग्रॅम सोडते. म्हणजे २० अंशांना वीस किलोच्या पेटीला तासाला २०० मिलिलिटरहून अधिक प्राणवायू लागतो. पेटीत फळांच्या मधल्या मोकळ्या जागेत जेमतेम चार लिटर प्राणवायू असतो, तो दिवसभरात संपेल. १०० गेजची, म्हणजे २५ मायक्रॉनची पिशवी त्या तापमानाला तासाला ५० मिलिलिटरच्या आसपास प्राणवायू आत सोडते. मागणी चार पट, पुरवठा एक पट. ० अंशाला मात्र मागणी ३० मिलिलिटरवर येते, प्राणवायू घटल्यावर श्वसन आणखी मंदावते, आणि तीच पिशवी थंडीत कमी वायू सोडत असूनही दोन्ही बाजू जवळजवळ जुळतात. तापमानाबरोबर फळाचा श्वास ज्या वेगाने वाढतो, त्या वेगाने प्लास्टिकची पारगम्यता, म्हणजे वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता, वाढत नाही, हे सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. थंडीसाठी बेतलेली पिशवी मे महिन्यातील आपल्या गोदामात, जेथे रात्रीही पारा ३० अंशांच्या खाली उतरत नाही, फळाचा गळाच घोटते.

प्राणवायू पुरता संपला की पेशी मरत नाहीत, त्या आंबवण्याच्या मार्गाला लागतात. आधी अॅसिटाल्डिहाइड आणि मग अल्कोहोल तयार होते. म्हणून स्नेह्यांना मी एवढेच सांगितले की, ही पिशवी घ्यायची तर कोल्डमधील मालासाठी घ्यावी, गोदामासाठी घेऊ नये.

कळमन्याचा गाळा

काका, आपण लिहिलेला हिशोब आमच्या बाजारात एका व्यापाऱ्याने पैसे मोजून अनुभवला आहे. विकणाऱ्याचे नाव लिहीत नाही. त्या व्यापाऱ्याने अशाच पिशव्यांमध्ये डेलिशियस जातीच्या सफरचंदांच्या पेट्या भरून गाळ्याच्या मागच्या खोलीत रचल्या होत्या. पेटी उघडली तेव्हा पिशवी फुगून झाकणाला टेकली होती. गाठ सोडताच ताडीसारखा आंबूस वास आला. फळ मात्र वरून इतके देखणे होते, की शेजारच्या गाळ्यावरील मुलाने ते विकायला काढले. साल चकचकीत, रंग लाल, देठही हिरवट होता. चाकूने मधोमध कापले तेव्हा बियांच्या घराभोवती तपकिरी पट्टा दिसला, आणि एका फळात तो सालीच्या अगदी जवळपर्यंत पोहोचला होता. चव तुरट आणि दारूसारखी होती. गिऱ्हाईक असा माल परत आणते तेव्हा केवळ त्या पेटीचे नुकसान होत नाही, ते पुढच्या वेळी दुसऱ्या गाळ्यावर जाते.

माझा प्रश्न असा आहे की, पिशवीला सुईने छिद्रे पाडली तर हा त्रास टळेल काय? आमच्याकडे बरेच जण तसा सल्ला देतात.

धंतोलीकर

गाळेवाले भाऊ, फुगलेली पिशवी ही फार उपयोगी खूण आहे. वातावरण योग्य असेल तर कार्बन डायऑक्साइड बाहेर निसटत राहतो आणि पिशवी सैलसर बसते किंवा किंचित फळाला चिकटते. आंबण्याची क्रिया सुरू झाली की कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्यापेक्षा अधिक वेगाने तयार होतो आणि ती फुगते. सुरुवातीच्या टप्प्यात पिशवी उघडून फळ हवेवर ठेवले, तर वास बराचसा उडून जातो. गाभा तपकिरी झाल्यावर मात्र काही उपाय नसतो.

छिद्रांचे गणित थोडे फसवे आहे. अखंड प्लास्टिकमधून कार्बन डायऑक्साइड वेगाने जातो आणि प्राणवायू सावकाश येतो, हाच तर त्याचा गुण आहे. छिद्रातून दोन्ही वायू जवळपास सारख्याच वेगाने ये-जा करतात. त्यामुळे बारीक छिद्रांच्या पिशवीत दोघांची बेरीज सुमारे २१ टक्क्यांवर राहते: प्राणवायू ३ टक्क्यांवर आणायचा तर कार्बन डायऑक्साइड १८ टक्क्यांपर्यंत चढतो. स्ट्रॉबेरीला एवढा कार्बन डायऑक्साइड मानवतो, सफरचंदाला नाही. फुजी आणि ब्रेबर्नसारख्या जाती तर थोड्याशा वाढीनेही आतून तपकिरी पडतात. छिद्रे मोठी आणि भरपूर पाडली तर आतले वातावरण बाहेरच्या हवेसारखेच होते आणि पिशवी केवळ ओलावा राखण्याचे काम करते. तेही काही कमी नाही, कारण वजन पाच टक्क्यांच्या आसपास घटले की फळ सुरकुतते आणि विदर्भातल्या कोरड्या हवेत त्याला वेळ लागत नाही. पण मग तिला कमी प्राणवायूची पिशवी म्हणून दुप्पट दराने विकू नये.

कार्बन डायऑक्साइडवर जुना उपाय चुन्याचा आहे. पूर्वी कोठारांमध्ये विरवलेल्या चुन्याच्या भुकटीची कागदी पोती ठेवत असत, आणि आजही काही ठिकाणी ठेवतात. चुना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. पेटीतही छोटी पुडी ठेवता येते. चुना कार्बन डायऑक्साइड काढतो, पण प्राणवायू देत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातल्या गोदामाचा प्रश्न तो सोडवू शकत नाही.

गोकुळपेठवासी

चर्चा व्यापाऱ्यांची आहे, तरी एक गृहिणी म्हणून विचारते. एप्रिल-मे महिन्यात आणलेले लाल सफरचंद पहिल्या दिवशी कडक आणि रसाळ असते, टेबलावर तीन-चार दिवस राहिले की दाताखाली पिठासारखे लागते. ऑक्टोबरच्या फळाचे असे होत नाही. वर्षभर जुना माल आपल्या माथी मारला जातो, असाच याचा अर्थ घ्यायचा काय? शिवाय कोमट पाण्यात धुतल्यावर सालीवर पांढुरका थर येतो, तो कशाचा असतो?

धंतोलीकर

ताई, वर्षभर नव्हे, पण सहा-आठ महिने जुने फळ असणे अगदी शक्य आहे, आणि त्यात फसवणूक नाही. कोठारात त्या फळाचे वय जवळजवळ थांबवून ठेवलेले असते. दार उघडून प्राणवायू मिळाल्यावर आणि विशेषतः थंडी सुटल्यावर इथिलीन पुन्हा जोर धरते. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळू लागते. ताजे फळ चावताना पेशी फुटतात आणि रस तोंडात येतो. पेक्टिन सुटलेल्या फळात पेशी न फुटता नुसत्या एकमेकींपासून सुट्या होतात, रस आतच अडकतो आणि जिभेला फळ पिठूळ लागते. म्हणून असे फळ कोरडे वाटते, प्रत्यक्षात त्यात पाणी पुष्कळ असते. रेड डेलिशियस या बाबतीत नाजूक आहे, ग्रॅनी स्मिथ किंवा फुजी बराच काळ तग धरतात.

हे टाळण्यासाठी अनेक कोठारांत फळ भरतानाच एक-एमसीपी या वायूची मात्रा देतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील सिस्लर आणि ब्लँकनशिप यांनी १९९० च्या दशकात त्याचा शोध लावला. हवेत दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी वायू पुरतो. इथिलीन पेशीवर ज्या ठिकाणी बसते, ती जागा हा वायू अडवून ठेवतो, त्यामुळे कोठारातून बाहेर आल्यावरही फळ काही दिवस कडक राहते.

पांढुरका थर मेणाचा असतो. सफरचंदाला स्वतःचे नैसर्गिक मेण असते, ते धुण्यात निघून गेल्यावर कार्नोबा या ताडवर्गीय झाडाच्या मेणाचा किंवा लाखेपासून केलेल्या शेलॅकचा पातळ थर देतात. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार मधमाशीचे मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांना परवानगी आहे, मात्र तसा उल्लेख लेबलवर हवा. हातगाडीवरच्या फळाला लेबल कोठून येणार, हा निराळा प्रश्न आहे.

घरी आणल्यावर सफरचंद टेबलावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तोंड उघड्या पिशवीत ठेवावे. त्याच कप्प्यात गाजर आणि पालेभाजी ठेवू नये: सफरचंदाच्या इथिलीनने गाजर कडवट होते आणि पालक लवकर पिवळा पडतो. भाज्यांसाठीचे व्हॅक्यूमचे यंत्र घरात असेल तर ते अख्ख्या सफरचंदासाठी मुळीच वापरू नये.

सावध ग्राहक

एवढे वायू, मेण आणि रसायने ऐकल्यावर असे फळ न खाणेच बरे वाटते. आंब्याला कार्बाइड लावतात, तसाच हा प्रकार दिसतो.

बुटीबोरीचा तंत्रज्ञ

सावध ग्राहक, कार्बाइड आणि ही पद्धत एका तागडीत घालता येणार नाहीत. कार्बाइड फळ लवकर पिकवण्यासाठी वापरतात, त्यात घातक अशुद्धी असतात आणि आपल्या देशात फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर बंदी आहे. वायुनियंत्रित कोठारात फळावर काही लावत नाहीत, हवेतले प्रमाण बदलतात. उरलेला बहुतेक भाग नायट्रोजन असतो, जो आपण प्रत्येक श्वासात घेतोच. प्राणवायू कमी असल्याने सालीवर तपकिरी चट्टे पडण्याचा रोगही आटोक्यात राहतो, आणि पूर्वी त्यासाठी ज्या रसायनात फळे बुडवीत असत, त्याची गरज कमी होते.

धोका खाणाऱ्याला नाही, आत शिरणाऱ्याला आहे. मी शीतगृहांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून हे ठामपणे लिहितो. १ टक्का प्राणवायूच्या खोलीत माणूस एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपतो. गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, प्राणवायू कमी झाल्याने होत नाही, त्यामुळे आत शिरणाऱ्याला कसलीही सूचना मिळत नाही. २०१३ मध्ये इंग्लंडच्या हँपशायरमध्ये फळांचे नमुने काढण्यासाठी अशा कोठारात उतरलेले दोन कामगार मरण पावले, आणि पुढे त्या प्रकरणात व्यवस्थापकाला शिक्षा झाली. एक जण पडला म्हणून दुसरा धावत आत जातो आणि तोही पडतो, हे विहिरीत आणि सेप्टिक टाकीत आपल्याकडे वरचेवर घडते. येथेही धोका तोच आहे. पेटीतली पिशवी कोणाचा जीव घेणार नाही, पण मोठ्या तंबूसारखी पिशवी संपूर्ण रचलेल्या थप्पीवर घालण्याची पद्धतही आहे, आणि तिच्यात वाकून फळ काढण्याचा मोह हमालाला होऊ शकतो.

एक तांत्रिक मुद्दा जोडतो. कोल्डचे दार दिवसातून अनेक वेळा उघडत असेल तर आतले तापमान खाली-वर होते आणि पिशवीच्या आत दव साचते. ते थेंब फळावर पडले की निळी बुरशी धरते. फळ आधी थंड करावे आणि मगच पिशवीचे तोंड बंद करावे. गरम फळ पिशवीत भरून मग कोल्डमध्ये ठेवले तर दोन्हीकडून नुकसान होते: ते थंड व्हायला वेळ घेते आणि तोवर प्राणवायू संपवून टाकते.

काटोलकर

माझा संत्र्याचा बगीचा आहे. मृग बहाराचा माल मार्चनंतर ठेवता आला तर दर चांगला मिळतो. हीच पिशवी संत्र्यासाठी चालेल काय?

धंतोलीकर

काटोलकर भाऊ, संत्र्याची जात वेगळी आहे. सफरचंद तोडल्यानंतरही पिकत राहते, म्हणून त्याचे पिकणे थोपवण्यात फायदा असतो. संत्रा तोडल्यानंतर पिकत नाही, तो फक्त सुकतो किंवा सडतो. त्यामुळे प्राणवायू कमी करून त्याला फारसे काही मिळत नाही, उलट संत्रावर्गीय फळांत, आणि त्यातही पातळ सालीच्या संत्र्यात, अल्कोहोलचा बेचव वास फार लवकर येतो. जाड मेण चढवलेल्या संत्र्याला असा वास येतो, तोही याच कारणाने. आपल्या संत्र्याला योग्य तापमान, ओलावा आणि बुरशीपासून बचाव हवा. त्याला सफरचंदाइतकी थंडीही सोसत नाही, ५ अंशांच्या फार खाली नेल्यास साल डागाळते. अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. पिशवीवर पैसे घालण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

मानेवाड्याचा वाचक

कूलरच्या खोलीत पिशवी ठेवली तर? आमच्या घरी मे महिन्यातही कूलरसमोर अंगावर चादर घ्यावी लागते.

धंतोलीकर

माणसाला चादर लागते ती वाऱ्यामुळे, सफरचंदाला वारा लागत नाही. कूलरची खोली फार तर २६-२८ अंशांवर येते आणि पिशवीचा हिशोब २० अंशांनाच कोसळलेला आपण पाहिला. कूलरचे तत्त्व मात्र वाया जाऊ देऊ नये. दिल्लीच्या पुसा संस्थेने विटांच्या दोन भिंती आणि मध्ये ओली वाळू अशा रचनेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला होता. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो बाहेरच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंश थंड राहतो आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. उघड्या क्रेटमधील भाजी आणि फळे त्यात आठवडाभर चांगली राहतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे त्याचा उपयोग राहत नाही.

कळमन्याचा गाळा

काका, आता मला नेमके सांगा. माल काश्मीरच्या कोठारातून रीफर, म्हणजे शीतकरणाची सोय असलेल्या, गाडीने येतो, पहाटे उतरतो, काही लगेच विकला जातो आणि काही आमच्या भाड्याच्या कोल्डमध्ये जातो. तिथे ठेवलेल्या मालाला पिशवी लावायची तर काय पाहावे?

धंतोलीकर

प्रथम कोल्डचे तापमान स्वतः तापमापी ठेवून पाहावे, फलकावरच्या आकड्यावर जाऊ नये. अनेक कोल्डमध्ये मिरची, चिंच आणि फळे शेजारीशेजारी असतात आणि तापमान सर्वांच्या सोयीने ५-६ अंशांवर ठेवलेले असते. ते २ अंशांच्या पलीकडे असेल तर तोंडबंद पिशवी घेऊच नये, मोठ्या छिद्रांची साधी पिशवी ओलाव्यापुरती वापरावी.

तापमान खात्रीचे असेल तर सगळा माल एकदम पिशवीत न भरता मोजक्या पेट्या भराव्यात. पिशवीवर रबरी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यातून सुई घालून आतला वायू मोजणारे यंत्र मिळते. विक्रेत्याकडे ते नसेल तर त्याला आपली पिशवी आत काय करते हे ठाऊक नाही, असे खुशाल समजावे. पहिल्या पंधरवड्यात प्राणवायू २ टक्क्यांच्या खाली किंवा कार्बन डायऑक्साइड ३ टक्क्यांच्या वर गेला तर पिशवी जाड आहे, किंवा फळ तिच्या मानाने जास्त भरले आहे.

आणि पेटी कोल्डमधून बाहेर काढताना तेथेच, दारापाशी, पिशवीचे तोंड कापावे. गाठ सोडायची नाही, कापायचीच, म्हणजे पुढे कोणी ती पुन्हा बांधणार नाही. किरकोळ विक्रेता ती पेटी हातगाडीवर ठेवून सीताबर्डीच्या बाजारात दिवसभर उन्हात उभा राहणार आहे, आणि त्याला हे सांगायला आपण तिथे नसणार.

कळमन्याचा गाळा

कापण्याचे काम हमालाकडे दिले तर तो पेटीमागे वेगळे पैसे मागेल, पण ते परत आलेल्या मालापेक्षा स्वस्त पडेल. तापमापी उद्याच नेऊन ठेवतो आणि आठवडाभराच्या नोंदी येथे लिहितो.